कुणीतरी केलंच असेल

ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात मला दुपारी घरात बसवत नाही. जेवण होतं, भांडी घासून होतात, बाहेर ऊन असं तापलेलं असतं की समोरच्या दगडी गडग्यावरचं शेवाळ वाळून त्याचे पापुद्रे सुटतात. शहाण्या माणसानं अशा वेळी पंखा लावून आडवं व्हावं. मी पायात चपला घालते आणि मिळेल त्या एसटीत बसते. रत्नागिरी मागे पडली की भाताची खाचरं दिसायला लागतात, काही उभी, काही कापलेली. पालीच्या पुढे तर रस्त्याच्या दोन्ही अंगांना पिवळंच पिवळं. लोक खिडकीतून फोटो काढतात. मला त्या पिवळ्याकडे फार वेळ बघवत नाही. बघता बघता मनात हिशेब सुरू होतो: किती वाजले, मागचं केव्हा झालं, पुढचं केव्हा करायचं. नोकरीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली. आता कुणाचंच काही माझ्या हातून व्हायचं राहिलेलं नाही, तरी राहून गेल्यासारखं वाटतं.

तीस वर्षं मी सरकारी नोकरीत नर्स होते. सगळे मला जाधव सिस्टर म्हणत. माझं पाळण्यातलं नाव आता फक्त माहेरी उरलंय.

माहेर देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतली आमची बौद्धवाडी. बाबा मुंबईला गोदीत कामाला. भातकापणीला त्यांना रजा मिळाली तर मिळाली, नाहीतर आय, मी आणि चुलती अशा तिघीच. कापलेलं भात एक दिवस शेतातच वाळायला पसरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत भारे बांधायचे. त्या पसरलेल्या भाताला एक उबदार, थोडा आंबूस वास असतो. त्याच उबेला फुरसं येऊन बसतं. वीतभर लांबीचा, मातीच्या रंगाचा साप. वेटोळं करून अंगाला अंग घासतो, तेव्हा तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज होतो. आय प्रत्येक पेंढी उचलायच्या आधी काठीनं दोनदा ठोकायची. मी विचारलं, "आय, मारतेस कशाला गो?" तर म्हणाली, "मारतंय कुठं? आमी येताव म्हणून सांगतंय त्याला."

पुढे नर्सिंगला गेले तेव्हा वर्गात फुरशाच्या विषाचं शिकवलं. त्या विषानं रक्त गोठायचं थांबतं. हिरड्यांतून, लघवीतून, जुन्या जखमेतून रक्त यायला लागतं. वेळेत औषध मिळालं तर माणूस चालत घरी जातो, आणि उशीर झाला तर काय होईल ते सांगता येत नाही. विष चढतंय की नाही हे बघायची तपासणी अगदी साधी. काचेच्या कोरड्या नळीत दोन मिली रक्त घ्यायचं, हात न लावता वीस मिनिटं उभं ठेवायचं, मग नळी कलती करायची. रक्त गोठलेलं असेल तर आतापुरतं ठीक. पातळच राहिलं असेल तर लगेच सापाच्या विषावरची लस सुरू. आतापुरतं ठीक असलं तरी तपासणी दर अर्ध्या तासानं पुन्हा करायची, कारण विष कधीकधी सावकाश चढतं. हे मला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. त्या रुग्णालयात ते माहीत नसलेलं कुणीच नव्हतं.

रुग्णालयाचं आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. डोंगराकडचं एक लहानसं सरकारी रुग्णालय, एवढं पुरे. तिथे आम्ही चौघं असे होतो की येणारा-जाणारा कौतुक करायचा. डॉक्टर माने सोलापूरकडचे, वयानं लहान, नुकतेच रुजू झालेले. सावंत सिस्टर आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांचा हात इतका हलका की लहान मुलाला सुई टोचून झाल्यावर ते रडायचं. तिसरी मी. आणि चौथ्या शेवंतामावशी, कक्षसेविका. लादी पुसणं, चादरी बदलणं, रुग्णाला धरून नेणं हे त्यांचं काम. शाळा चौथीपर्यंत, पण त्या वॉर्डात त्यांनी आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माणसं आलेली आणि गेलेली पाहिली होती.

आमचं एकमेकांशी इतकं जुळलेलं होतं की बोलावं लागत नसे. डॉक्टरांनी हात पुढे केला की त्यात हवं ते पडायचं. मी पेशंटच्या डोक्याकडे गेले की मावशी न सांगता पायांकडे. जिल्ह्याहून आलेले एक साहेब म्हणाले होते, "तुमच्या इथं आवाजच नाही हो, सगळं कसं तेल घातल्यासारखं." आम्हाला त्याचा फार अभिमान वाटला. पुढे हळूहळू असं झालं की काही विचारणं म्हणजे आपलं काहीतरी कमी आहे असं वाटायला लागलं. "तुम्ही हे केलंत ना?" असा प्रश्न म्हणजे समोरच्यावर संशय. तो कुणी विचारेना. हे ठरवून झालं नाही. घरात जसं कोण कुठं बसतं ते न ठरवता ठरतं, तसं झालं.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण पुढे तिच्याशिवाय काही कळणार नाही. कापणी सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात एक ताप आलेला मुलगा बाह्यरुग्ण विभागात होता. डॉक्टर त्याला तपासत होते, भोवती नातेवाईक. मावशी बादली घेऊन चालल्या होत्या, त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "डॉक्टर, त्याचे डोळे बगा. पिवळे दिसताहेत."

डॉक्टर वर न बघता म्हणाले, "मावशी, लादी झाली का पुसून? तुमचं तुम्ही बघा की."

नातेवाईक हसले, सावंत सिस्टर हसल्या. मीही हसले. फार नाही, ओठांपुरतं. मावशी बादली उचलून गेल्या. मुलाला कावीळच होती. डॉक्टरांनी ती पुढच्या दोन मिनिटांत ओळखली, औषध दिलं, काही बिघडलं नाही. काहीच बिघडलं नाही म्हणून ते आम्ही सगळे विसरलो.

वनिता आली त्या दिवशी माझी सकाळपाळी होती. साडेबाराच्या सुमारास रिक्षातून उतरली. तिशीची बाई, नवरा मुंबईला, बरोबर सासू. उजव्या हाताच्या करंगळीखाली दोन बारीक टोचे आणि मनगटापर्यंत सूज. साडीला भाताचं कुसळ चिकटलेलं. सासूनं मेलेलं फुरसं फडक्यात बांधून आणलं होतं आणि ते ती टेबलावर ठेवायला निघाली होती. "आजी, खाली, खाली ठेवा," मी म्हणेस्तोवर डॉक्टर दोन पावलं मागे सरले. त्यांच्या भागात हा साप कमी. त्यांनी फुरशाचा दंश पुस्तकात वाचलेला, समोर पहिल्यांदाच बघत होते. ते मला नंतर कळलं.

मी रक्त घेतलं. वीस मिनिटांनी नळी कलती केली, रक्त गोठलेलं. एक वाजता पुन्हा घेतलं. तेही गोठलं. डॉक्टरांचा चेहरा सैल झाला. "बरंय. दर अर्ध्या तासानं करत राहू," ते म्हणाले. ते कुणाला उद्देशून म्हणाले, हे मी नंतर किती वेळा आठवून पाहिलं. मी शेजारी होते. मावशी पलंगाची चादर ओढत होत्या. ते खिडकीकडे बघत बोलले असावेत.

दीडला पाच मिनिटं असताना एक बाळंतीण आली, अडलेली. डॉक्टर धावले, मी धावले. बाळ सुखरूप झालं तेव्हा दोन वाजून गेले होते. मुलगी. आईच्या टाक्यांचं काम बाकी होतं म्हणून डॉक्टर तिथेच थांबले. मी हात धुऊन बाहेर आले तर सावंत सिस्टर दुपारपाळीला आलेल्या. आमच्यात एक पाळी दुसरीला वॉर्ड सोपवते त्याला ओव्हर देणं म्हणतात. मी ओव्हर दिला तो असा: "तीन नंबरला फुरसं चावलेली बाई. दोन्ही टेस्ट नॉर्मल. बाकी शांत." सव्वादोनची एसटी होती. सावंत सिस्टर म्हणाल्या, "जा तू, पळ." मी पळाले.

गाडी निघाली. खिडकीजवळची जागा मिळाली. घाम वाळला. दोन्ही बाजूंना बायका भारे बांधत होत्या, वाकलेल्या पाठी आणि वरखाली होणारे हात. अर्धं अंतर गेलं असेल. एका खाचरात एक बाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, नुसती उभी. तिच्याकडे बघता बघता मला एकदम आठवलं. दीडची तपासणी. ती मी केलेली नव्हती. ती करायची आहे हेही मी सांगितलेलं नव्हतं.

फोन माझ्या मांडीवर होता. रेंज होती, मी बघितलं. सावंत सिस्टरांचा नंबर वरच होता.

मी फोन केला नाही.

त्या पाच-सात मिनिटांत माझ्या डोक्यात जे चाललं ते मी अजून तसंच्या तसं सांगू शकते. त्या एवढ्या ज्येष्ठ, त्यांना का कळणार नाही? केसपेपर समोरच आहे. मी फोन केला तर म्हणतील, आता ही मला शिकवणार. शिवाय डॉक्टर आहेत. मावशीही तिथेच आहेत. कुणीतरी केलंच असेल. हे वाक्य मनात आलं आणि एवढं बरं वाटलं, उन्हातून सावलीत गेल्यासारखं. मी फोन पिशवीत टाकला. तेव्हा मी देवरूखला राहायचे; तिथे उतरले, बाजारातून भाजी घेतली, घरी जाऊन चहा टाकला.

रुग्णालयात काय चाललं होतं ते नंतर एकेकाकडून कळलं. दोन टेस्ट नॉर्मल म्हटल्यावर सावंत सिस्टरांना वाटलं, पुढचं डॉक्टर बघताहेत. डॉक्टर आत टाके घालत होते. त्यांना वाटलं, सिस्टर करताहेत. रक्त घेतलेल्या जागी लावलेला कापूस लालच लाल होतोय, हे पावणेतीनला मावशींनी पाहिलं. त्यांनी तो बदलला. थोड्या वेळानं दुसराही भिजला, तोही बदलला. साडेतीनला वनितानं चूळ भरली आणि भांड्यात रक्त दिसलं. सासू ओरडली, "अहो, हिच्या दातातनं रगत येताय!" तेव्हा कुठे चार माणसं एका पलंगापाशी गोळा झाली. चौथी मी नव्हे, वनिताची सासू.

नळीतलं रक्त वीस मिनिटांनीही पाण्यासारखं हललं. लस सुरू झाली, रुग्णवाहिका आली, वनिताला रत्नागिरीला हलवलं. मूत्रपिंडांवर परिणाम झाला होता. चार-पाच वेळा डायलिसिस करावं लागलं. ती वाचेल असं तिथल्या डॉक्टरांनी आठ दिवस स्पष्टपणे म्हटलं नाही. त्या आठ दिवसांत मी जेवायला बसले की घास हातात धरूनच राहायचा. आरशात केस विंचरताना हात थांबायचा. फोन वाजला की धस्स व्हायचं, नाही वाजला तरी धस्स व्हायचं. शेवटी तिसऱ्या आठवड्यात ती घरी गेली, अंगावरचं मांस उतरलेली, पण पायांवर चालत.

चौकशी झाली. जिल्ह्याहून एक अधिकारी आले. भले गृहस्थ होते, आवाज न चढवता विचारत होते. आम्ही चौघं टेबलाभोवती बसलो, म्हणजे तिघं बसलो आणि मावशी दाराशी उभ्या राहिल्या. खुर्ची रिकामी होती, पण त्यांना कुणी बसा म्हटलं नाही आणि त्या बसल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, मी दर अर्ध्या तासानं करायला सांगितलं होतं. खरं होतं. मी म्हटलं, मी बाळंतपणात होते, नंतर ओव्हर दिला. खरंच होतं. सावंत सिस्टर म्हणाल्या, मला जे सांगितलं गेलं त्याप्रमाणे मी वॉर्ड सांभाळला. तेही खोटं नव्हतं. कुणीही खोटं बोलत नव्हतं आणि तरी त्या खोलीत बसवत नव्हतं. पंखा फिरत होता, कागद उडू नयेत म्हणून मी त्यांवर तळहात दाबून धरला होता, आणि माझ्या हाताखालचा कागद ओला होत होता.

मग सावंत सिस्टर म्हणाल्या, "सर, कापूस भिजलेला मावशींनी दोनदा पाहिला. तेव्हाच सांगितलं असतं तर पाऊण तास वाचला असता."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. मला आजही स्वतःची सगळ्यांत जास्त लाज वाटते ती त्या क्षणाची. कारण मला बरं वाटलं.

मावशींना लेखी खुलासा मागितला. दोन दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. हातात कोरा कागद, पदराला बांधलेलं पेन. म्हणाल्या, "सिस्टर, तुमी लिवून द्याल काय? माझं अक्षर लागत नाय."

कपड्यांच्या कपाटामागे एक बाकडं होतं, तिथे आम्ही बसलो. मी वरती 'प्रति' लिहिलं, विषय लिहिला. विचारलं, "मावशी, काय लिहू?"

"लिवा, मी बगितलं पण सांगितलं नाय."

"का नाही सांगितलंत, ते लिहावं लागेल."

त्यांनी कागदावर तळहात ठेवला. मग म्हणाल्या, "तसं नका लिवू. त्यात तुमचं नाव येईल."

"माझं?"

"सांगायलाच निघालेले. दाराशी गेले. आत डॉक्टर, भायेर सावंत सिस्टर. म्हटलं, ह्यांना दिसत नसल काय? आनि मग त्या दिवसाचं हसणं कानात आलं. डॉक्टरांचं बोलणं नाय ओ लागलं. ते नवीन हायत, पोरवयाचे. तुमी हसलात ते लागलं. तुमी आमच्यातल्या म्हणून." त्या कागदाकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. "म्हटलं, आपलं आपण कापूस बदलावा."

आमच्यातल्या म्हणजे काय ते मला कळलं. मावशीही डोंगराकडच्याच एका बौद्धवाडीतल्या. त्यांची आई आणि माझी आय एकाच गावात शेतमजुरीला जायच्या. मी शिकून पांढऱ्या कपड्यांत आले, तेव्हा ह्या बाईनं सगळ्या वॉर्डला अभिमानानं सांगितलं होतं. आणि मी ओठांपुरतं हसले होते.

मी तो कागद फाडला. दुसरा घेतला आणि माझा खुलासा लिहिला. दीडची तपासणी माझ्याकडून राहिली. ओव्हर देताना ती सांगितली नाही. बसमध्ये आठवलं, फोन होता, केला नाही. मावशी सांगायला कचरल्या त्यालाही आम्ही कारण आहोत. मावशी शेजारी बसून होत्या. वाचून दाखवलं तेव्हा बस आणि फोनच्या ओळीशी त्यांचा श्वास अडकलेला मला ऐकू आला. मग त्या उठून गेल्या.

तो कागद आधी डॉक्टर मान्यांना दाखवला. त्यांनी उभ्यानं वाचला, मग बसून परत वाचला. मला वाटलं, चिडतील. बराच वेळ ते टेबलाची कड नखानं खरवडत राहिले. मग म्हणाले, "सिस्टर, मला ती टेस्ट नॉर्मलच यायला हवी होती. दोनदा आली, मी सुटलो. तिसरी कुणी केली का, हे मी आतून एकदा ओरडून विचारू शकत होतो. पण विचारलं असतं तर पुढचं बघायला लागलं असतं, आणि ते मी कधी केलेलं नव्हतं." त्यांनीही स्वतःचा खुलासा बदलून दिला. मावशींची त्यांनी माफी मागितली, वॉर्डात, सगळ्यांसमोर. मावशी इतक्या ओशाळल्या की झाडू घेऊन अंगणातच गेल्या.

माझ्या नोकरीच्या नोंदीत शेरा आला. तो यायलाच हवा होता. सावंत सिस्टर मात्र माझ्याशी वर्षभर कामापुरतंच बोलल्या. "एवढी चांगली टीम होती आपली," एकदा त्या म्हणाल्या, "तू नाव घालवलंस." त्यांचं दुःख खरं होतं. मलाही त्या टीमची आठवण येते, त्या न बोलता पुढे येणाऱ्या हातांची. माझी बेचैनी तिथेच आहे. आम्ही वाईट होतो, आळशी होतो, एकमेकांचं वाकडं चिंतत होतो, असं काही असतं तर बरं झालं असतं. आम्ही चांगले होतो. आमचं एकमेकांवर प्रेम होतं, आणि त्या प्रेमाला धक्का लागू नये म्हणून आम्ही एकमेकांना विचारलं नाही.

त्यानंतर दुपारी दोन वाजता ओव्हर पलंगापाशी व्हायला लागला. डॉक्टर, दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर आणि मावशी, सगळ्यांनी उभं राहायचं. काय झालं, काय व्हायचंय, ते कोण करणार, नाव घेऊन म्हणायचं. ऐकणाऱ्यानं ते परत म्हणून दाखवायचं. आणि सगळ्यांत आधी मावशींनी बोलायचं, हे डॉक्टरांनी ठरवलं, कारण साहेब बोलून गेल्यावर मग कोण कशाला तोंड उघडेल? पहिले पंधरा दिवस फार अवघडल्यासारखं झालं. शाळेत पाढे म्हणावेत तसं वाटे. सावंत सिस्टर भिंतीकडे बघून म्हणायच्या. मावशी रोज एकच म्हणायच्या, "माझं काय, सगळं बरं हाय." आम्ही तरी थांबायचो. रोज थांबायचो. एक दिवस त्या म्हणाल्या, "सगळं बरं हाय," आणि मग, पदराचं टोक बोटाला गुंडाळत, "त्या कोपऱ्यातल्या आजोबांनी सकाळपासनं लघवी केलेली नाय." डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं आणि ते कोपऱ्याकडे निघाले. एवढंच. त्यात काही मोठं घडलं नाही, आजोबांना नळी घातली, त्यांना बरं वाटलं. पण सावंत सिस्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा भिंतीकडून मान वळवली.

वनिताकडे जायला मला वर्ष लागलं. पुढच्या कापणीच्या वेळी गेले. तिचं घर वाडीच्या शेवटी, पुढे सारवलेलं खळं. चार-पाच बायका भात झोडत होत्या. पेंढी डोक्यावरून मागे न्यायची आणि फळीवर आपटायची, एकीची वर जाते तेव्हा दुसरीची खाली येते. मधे कुणी थांबली तर सगळ्यांचा ताल मोडेल. वनितानं मला ओळखलं. हात झटकत आली, ओटीवर बसवलं, सासूला चहा टाकायला सांगितलं. बरी दिसत होती. उजवी करंगळी मात्र वाकत नव्हती.

मी इकडचं-तिकडचं बोललेच नाही. बोलले असते तर मूळ गोष्ट राहून गेली असती. सगळं सांगितलं, बस, फोन, मनात काय आलं ते. ती ऐकत होती. खळ्यावरचे आवाज चालू होते.

तिनं एकदा त्या बायकांकडे बघितलं. मग म्हणाली, "मला चावलं ते बाराला नाय, सिस्टर. अकराला."

मला आधी कळलंच नाही.

"भाताची कवळ उचलली तेवाच झोंबलं. बगितलं तर दोन टोचे. साप काय दिसला नाय तेवा. पण आतून कळतं ना? आमी सातजणी होतो. एकमेकींच्या शेतावर जाताव आमी, आज हिचं, उद्या तिचं. त्या दिवशी माझं शेत. माझ्यासाठी त्या सहाजणी उन्हात वाकलेल्या, आनि मीच कशी उठून जाऊ? म्हटलं, काटा असल. ह्या सगळ्या काम करताहेत म्हणजे काय नसल. तासाभरानं हात सुजला, तेवा सुमननं बगितलं आनि बोंब मारली. मग शोधलं तर पेंढीखाली फुरसं." तिनं न वाकणारं बोट दुसऱ्या हातात धरलं. "डॉक्टरांनी विचारलं, केवा चावलं? म्हटलं, आताच. लाज वाटली ओ. आजपातूर कुणाला सांगितलेलं नाय."

माझ्या छातीवरचं काहीतरी एकदम उचलल्यासारखं झालं. मी म्हणणार होते की बघ, असंच असतं, तुझंही तसंच, आमचंही तसंच. तोंड उघडलंही होतं. तिला ते दिसलं असावं.

"पण सिस्टर," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, सासूला ऐकू जाऊ नये एवढ्याच बेतानं बोलली, "तुमचं नि माझं एक नाय हां. मी गप बसले ते माझ्या जिवावर. तुमी गप बसलात ते पण माझ्याच जिवावर."

सासू चहा घेऊन आली. वनितानं कप माझ्यापुढे सरकवला आणि स्वतःचा उचलला. आम्ही दोघी चहा प्यायलो. तो गोड होता, आलं घातलेला, आणि मला तो संपवावाच लागला. मग तिनं पदर खोचला, खळ्यावर गेली आणि मोठ्यानं म्हणाली, "सुमन, सर बाजूला. तुझा खांदा भरलाय, दिसतंय मला." सुमन म्हणाली, "नाय गो, काय नाय झालं." वनितानं तिच्या हातातली पेंढी काढून घेतली.

ताल मोडला. सगळ्या बायका थांबल्या, कुणी पाणी प्यायली, कुणी पाय पसरून बसली, आणि खळ्यावर थोडा वेळ नुसतं ऊन राहिलं.